कळंब दोन, पाणी प्यायलो

सर्व्हिसमध्ये मला अकरा पोस्टिंग मिळाली. बारावं मी स्वतः मागून घेतलं. कळंब बीच, शनिवार आणि रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सात.

मी सुभेदार काशिनाथ मेहेर, रिटायर्ड. जन्म अर्नाळ्याचा, कोळ्याचा मुलगा. आता विरारला फुलपाड्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. उजव्या गुडघ्यात प्लेट आहे. गुडघ्याचं आत्ताच सांगून ठेवतो, कारण त्यामुळे आमच्या कामाची वाटणी ठरली.

कळंबच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी गर्दी होते. कॉटेज आहेत, घोडे आहेत, शहाळी आहेत. समुद्र उथळ दिसतो, म्हणून माणसं आत जातात. ओहोटी लागली की तेच पाणी पाय धरून बाहेर ओढतं. इथल्या कोळणी सुद्धा ओहोटीत गुडघ्याच्या वर जात नाहीत. शहरातून आलेला माणूस गळ्यापर्यंत जातो आणि वर हात करून फोटो काढायला सांगतो. कॉटेजवाल्यांनी बोर्ड लावले होते. बोर्ड वाचणारा पर्यटक मी अजून पाहिलेला नाही. बोर्डाला टेकून उभे राहणारे पाहिले.

शेवटी कॉटेजवाल्यांनी मिळून दोन माजी सैनिक ठेवायचं ठरवलं. एक मी. दुसरा कोण, असं विचारल्यावर मी एकच नाव दिलं. हवालदार दिलावर परकार.

दिलावर माझ्याच पलटणीतला. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचा, पोहण्यात मासा. रिटायर झाल्यावर पोरींच्या शाळेसाठी नालासोपाऱ्यात राहायला आला. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मला आयुष्यभर "साहेब" म्हणाला, आणि त्या साहेबाचं फारसं कधी ऐकलं नाही.

त्याची माझी ओळख झाली ती राजस्थानात, जूनमध्ये. मी तेव्हा हवालदार, तो नवा शिपाई. युद्धसरावाची एक्सरसाइज चालू होती. पाण्याचा टँकर वाटेत बंद पडला. माणशी दोन मग पाणी, दुसरा टँकर येईपर्यंत. प्लॅटूनमध्ये भांडणं सुरू झाली. चांगली माणसं मगच्या काठावरून वाद घालू लागली. आमचे सुभेदारसाहेब वैतागून म्हणाले, "रोजा कोणाचा आहे?"

दिलावर उभा राहिला.

"आज पाणी तू वाटायचं. तुला संध्याकाळपर्यंत नको आहे, म्हणून तूच योग्य."

त्याने पाणी वाटलं. ओठ फाटलेले, हात स्थिर. मी दुपारी सहज म्हणून तिसऱ्यांदा मग पुढे केला. सीनियर होतो, मिशी होती. तो म्हणाला, "हवालदारसाहेब, तुमचं झालं." सगळ्यांसमोर. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. आपली चूक दाखवणारा माणूस चिडून बोलला तर आपल्यालाही चिडता येतं. हा चिडलाच नव्हता. त्याचाच जास्त राग आला.

नंतर मी त्याला विचारलं होतं, एवढ्या उन्हात उपाशी राहून काय मिळतं. तो म्हणाला, "साहेब, उपाशी राहणं सोपं आहे. उपाशी राहून कुणावर खेकसायचं नाही, ते अवघड. तेवढंच शिकतोय."

मी भरल्या पोटी खेकसणारा माणूस. आजही आहे.

कळंबला आमची व्यवस्था साधी होती. दोन शिट्ट्या, दोन वॉकी-टॉकी, एक रबरी ट्यूब, ऐंशी मीटर दोर. राजोडीच्या बाजूचं टोक माझं, त्याला आम्ही कळंब एक म्हणायचो. गावाच्या बाजूचं टोक दिलावरचं, कळंब दोन. मधे सहाशे मीटर. पाण्यात तो जाणार, दोर मी ओढणार. पाण्यातल्या माणसाला आवाज ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरवल्या. दोन्ही हातांची फुली म्हणजे बाहेर ये. एक हात सरळ वर म्हणजे आत अजून माणूस आहे.

पहिल्या वर्षी आम्ही चौदा जणांना बाहेर काढलं. त्यातल्या नऊ जणांनी आम्हाला शिव्या दिल्या. मजा खराब केली म्हणून.

दुसऱ्या वर्षी रमजान एप्रिलमध्ये होता. पहिल्याच शनिवारी मी त्याला बाजूला घेतलं.

"ड्युटीवर रोजा नको."

"का?"

"पाण्यात चक्कर आली तर तुला कोण काढणार? मी? या गुडघ्याने?"

"साहेब, शिट्टी वाजवायला जेवण लागत नाही."

"शिट्टीचं नाही बोलत. पोहण्याचं बोलतोय."

बराच वाद झाला. वाद म्हणजे मी बोलत होतो. शेवटी मी माझ्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मीठ-साखर घातलेली, आणि त्याने काढून ठेवलेल्या शर्टाच्या बाजूला वाळूत रोवली.

"बसलेला असशील तोवर रोजा ठेव. पाण्यात शिरायची वेळ आली तर आधी अर्धी बाटली प्यायची, मग शिरायचं. ही ऑर्डर आहे."

मला वाटलं आता धर्माची चर्चा होणार. तो म्हणाला, "ठीक आहे. जीव वाचवायचा असेल तर सूट आहेच. तो रोजा मागाहून भरून काढायचा असतो. यात ऑर्डर कशाला?"

वीस मिनिटं मी उगाच भांडलो होतो.

त्या महिन्यात लोकांनी मला जेवढा ताप दिला तेवढा समुद्राने दिला नाही. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ फॅमिली घेऊन बीचवर आले, दिलावरला म्हणाले, "हे फास्टिंग बेस्ट असतं हो. किती किलो उतरलं?" दिलावर हसून म्हणाला, "मोजलं नाही." एक कॉटेजवाला स्वतः रोजे ठेवणारा, पण दुपारी तीननंतर कामगारांच्या अंगावर धावून जायचा. दिलावर त्याला एकदा शांतपणे म्हणाला, "भाई, तुमचा रोजा त्या भांडी घासणाऱ्या बाईंना का लागतोय?" तो कॉटेजवाला मग निदान आमच्यासमोर तरी गप्प बसायचा. आणि रोज सकाळी मोबाईलवर रमजानची शिकवण यायची. संयम, त्याग, दान. फुलांच्या फोटोवर लिहिलेली. पाठवणारे तेच, जे संध्याकाळी पार्किंगवरून एकमेकांच्या आया काढायचे.

मी हे दिलावरला ऐकवायचो. तो म्हणायचा, "पाठवू द्या साहेब. वाचून एखादा सुधारला तर?"

असं बोलणाऱ्या माणसाबरोबर नोकरी करणं फार थकवणारं असतं.

तो रविवार होता. रमजानचा शेवटचा आठवडा. भरती दुपारी पावणेदोनला पूर्ण झाली. अडीचनंतर पाणी सुटायला लागलं. शहाळीवाली मार्थाबाई मला म्हणाली, "मेहेर, आज पानी लय जोरात जातंय. पोरांना सांग."

मी शिट्टी मारत माझ्या टोकाकडचे सगळे बाहेर काढले. दिलावरच्या टोकाला एका ऑफिसची पिकनिक आली होती. आठ जण, सगळे तिशीचे. काहींनी बिअर घेतली होती. दिलावरने त्यांना तीन वाजता बाहेर काढलं. सव्वातीनला पुन्हा काढलं. वॉकीवर मला त्याचं आणि त्यांचं बोलणं ऐकू आलं, कारण त्याने बटण दाबून धरलं होतं. बहुधा मुद्दाम, माझी करमणूक व्हावी म्हणून.

"अंकल, हमको स्विमिंग आता है।"

"स्विमिंग आता है, ठीक. पाणी बाहेर ओढतंय. आत जाऊ नका."

"रिलॅक्स, अंकल. आप क्यों टेन्शन लेते हो?"

"टेन्शन नाही. ड्युटी आहे."

तीन वाजून अडतीस मिनिटांनी वॉकी वाजला.

"कळंब एक, कळंब दोन."

"बोल."

"तीन माणसं आत. ओढीत सापडलीत. बोटवाल्यांना फोन करा."

"करतो. दोर घेऊन निघालो. पाणी पी."

चार-पाच सेकंद काही आलं नाही. मग,

"कळंब दोन, पाणी प्यायलो. आत जातोय."

रेडिओवरचं त्याचं हे शेवटचं वाक्य.

मी पळालो. दोर खांद्यावर, गुडघा ओरडत होता. गावातल्या एका बोटवाल्याला पळता पळता फोन लावला. पोचलो तेव्हा दिलावरने पहिल्या माणसाला उभं राहण्याइतक्या पाण्यात आणून सोडलं होतं आणि ट्यूब घेऊन तो दुसऱ्याकडे वळला होता. मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो आणि दोराचं टोक फेकलं. त्याने ते ट्यूबला बांधलं. दुसरा माणूस ट्यूबवर आला, मी आणि पिकनिकमधले दोघं मिळून ओढत होतो. दिलावर तिसऱ्याकडे गेला. तो जाड होता आणि घाबरून दिलावरच्याच डोक्यावर चढत होता. दिलावरने त्याच्या मागे जाऊन त्याची हनुवटी धरली, आणि पाण्याशी न भांडता तिरका तिरका किनाऱ्याकडे आणला. अगदी ट्रेनिंगमध्ये दाखवतात तसा. तीन वाजून चोपन्न मिनिटांनी तिसरा माणूस वाळूवर ओकत होता.

दिलावर छातीइतक्या पाण्यात थांबला होता. दम घेत होता. माझ्याकडे बघत होता.

मी पिकनिकवाल्यांना विचारलं, "सब आ गये?"

एक जण, त्यांचा बॉस असावा, रडत होता. म्हणाला, "नहीं, नहीं, चार थे। चार गये थे।"

"पक्का?"

"हां सर. विकी भी था।"

मी मागे वळून मोजलं नाही. आठ जण होते, हे मला माहीत होतं. वाळूवर किती, कॉटेजमध्ये किती, हे मोजायला दहा सेकंद लागली असती. फौजेत रोज दोनदा गिनती घेणारा मी, एका रडणाऱ्या माणसाचा आकडा तसाच पुढे पाठवला.

मी हात सरळ वर केला.

दिलावरने तो बघितला. मान हलवली. वळला आणि परत आत गेला.

दोन-तीनदा तो बुडी मारून वर आलेला दिसला. शोधत होता. प्रत्येक वेळी जरा लांब. मी ट्यूब फेकली, ती त्याच्यापर्यंत पोचली नाही. मी आत निघालो, तर दहा पावलांवर गुडघ्याने दगा दिला आणि मार्थाबाईने मला शर्टाला धरून मागे ओढलं. चार वाजून दोन मिनिटांनी त्याचं डोकं मला शेवटचं दिसलं. बोट चार वाजून अकरा मिनिटांनी पोचली.

चार वाजून तीस मिनिटांनी एक माणूस कॉटेजकडून चालत आला. खांद्यावर टॉवेल, डोळ्यांवर झोप. पिकनिकवाले त्याच्याकडे बघून ओरडायला लागले. हा विकी. जेवल्यावर तो खोलीत जाऊन झोपला होता. पाण्यात गेलाच नव्हता.

त्याने मला विचारलं, "क्या हुआ, अंकल?"

त्याची काय चूक होती. झोपणं हा गुन्हा नाही.

बोटी अंधार पडेपर्यंत फिरल्या. दिलावर दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सापडला, राजोडीच्या वाळूवर. माझ्या टोकाला. मी त्याला उचलणाऱ्यांत होतो.

पिकनिकवाले रविवारीच संध्याकाळी निघून गेले. पोलिसांनी जबाब घेतले तेवढे थांबले. पुढे त्यांच्यापैकी कोणाचा फोन आला नाही. त्या जाड माणसाचं नाव काय, हेही मला जबाबाच्या कागदावरून कळलं. मी ते विसरायचा प्रयत्न करतोय.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

ईदनंतर दहा दिवसांनी नालासोपाऱ्यात एका हॉलमध्ये शोकसभा झाली. मागे बॅनर. त्यावर दिलावरचा युनिफॉर्ममधला फोटो आणि खाली ओळ : 'कोरड्या घशाने समुद्राला भिडलेला रोजेदार'. मी ती ओळ दोनदा वाचली.

भाषणं दीड तास चालली. एक पुढारी म्हणाले, सकाळपासून पाण्याचा थेंब पोटात नसताना या वीराने तीन प्राण वाचवले. एक प्राध्यापक म्हणाले, तहान सहन करण्याची ही शक्ती म्हणजेच रमजानची शिकवण. एका डॉक्टरांनी उपवासाने स्टॅमिना कसा वाढतो ते सांगितलं. मागच्या रांगेतला एक जण बाजूच्याला हळूच म्हणाला, "रोजा नसता तर वाचला असता." म्हणजे काहींच्या मते रोज्याने तीन जण वाचवले आणि काहींच्या मते रोज्याने एक मारला. दोघांनाही दिलावर नको होता. त्यांना त्याची तहान हवी होती.

मला बोलायला बोलावलं. मी माइकसमोर उभा राहिलो. पहिल्या रांगेत त्याची बायको नसीम आणि दोन पोरी बसल्या होत्या. मला सांगायचं होतं की हे सगळं खोटं आहे. तो पाणी प्यायला होता. रोजा सोडला होता, शांतपणे, कुणाला न विचारता, कारण आत माणसं बुडत होती आणि त्याला त्याची अक्कल होती. पण मला ठाऊक नव्हतं, हे ऐकून नसीमला कसं वाटेल. तिच्या नवऱ्याचा रोजा मोडलेला होता, हे मी, एक मेहेर, भरसभेत माइकवर सांगणार होतो का? आणि पाण्याचं सांगितलं तर हाताचंही सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, "हवालदार दिलावर परकार चांगला सोल्जर होता. जय हिंद." आणि खाली बसलो. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एवढा पळपुटेपणा केला नव्हता.

त्यानंतर तीन रात्री झोप नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी त्याच्या घरी गेलो. नसीम शिवणाच्या मशीनवर बसली होती. मला बघून उठली, पाणी आणलं.

मी ग्लास हातात धरून बसलो. ती म्हणाली, "भाऊ, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"त्यांचं सामान पोलिसांनी दिलं. शर्ट, घड्याळ, आणि एक पाण्याची बाटली. बाटली अर्धी होती. ते पाणी प्यायले होते का?"

"होय. आत जायच्या आधी. माझी ऑर्डर होती."

"तुमची ऑर्डर होती म्हणून प्यायले?"

मी विचार केला. "नाही. त्याला स्वतःलाच पटलं होतं. म्हणाला, जीव वाचवायला सूट आहे. मी उगाच भांडलो त्याच्याशी."

ती मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "बरं झालं. त्या दिवसापासून सगळे येऊन मला सांगतायत, किती तहानलेले गेले. मोठेपणा म्हणून सांगतात. मी त्यांच्यासमोर मान हलवते. नंतर मला घास गिळवत नाही." तिने डोळे पुसले. "तहानलेले गेले नाहीत ना?"

"नाही."

"बस्स."

मग मी हाताचं सांगितलं. चार थे, चार. विकी झोपलेला. मी न मोजता हात वर केला. काही वगळलं नाही. वेळेसकट सांगितलं, कारण मला सांगायची तेवढीच पद्धत येते.

नसीम उठून आत गेली. स्वयंपाकघरात नळ चालू झाला, बराच वेळ चालू राहिला. मी जायला उठलो तेव्हा ती बाहेर आली. म्हणाली, "मौलवी म्हणाले, त्यांच्यावर रोजा बाकी राहत नाही. भरायला वेळच मिळाला नाही ना. तरी तो एक रोजा मी ठेवणार आहे. सोमवारी. संध्याकाळी पोरींना घेऊन एकटीने सोडायला नको वाटतं. तुम्ही आणि वहिनी या."

हाताबद्दल ती तेव्हा बोलली नाही. आजपर्यंत बोललेली नाही. मी विचारलेलं नाही.

सोमवारी आम्ही गेलो. मी त्या दिवशी काही खाल्लं नव्हतं. ठरवून नाही म्हणत, पण खाल्लं नव्हतं. दुपारी दोनपर्यंत मी बायकोवर तीनदा आणि रिक्षावाल्यावर एकदा खेकसलो. एका दिवसात. तो तीस दिवस करायचा, एप्रिलच्या उन्हात, "रिलॅक्स, अंकल" ऐकत.

मी कळंबला अजून जातो. शनिवार, रविवार. पर्यटक अजून बोर्डाला टेकतात. बाहेर या म्हटलं की अजून शिव्या देतात. मी अजून चिडतो, पण मोजून झाल्यावर. आधी मोजतो, बोट दाखवून, मोठ्याने, त्यांना हसू आलं तरी.

ज्यांना दिलावरच्या मरणातून रमजानची शिकवण काढायची आहे त्यांनी काढावी. माझी काही हरकत नाही. फक्त नोंद बरोबर ठेवा.

हवालदार दिलावर परकार. कळंब दोन. तीन वाजून अडतीस मिनिटांनी पाणी प्यायला आणि आत गेला. पहिला माणूस बाहेर काढला. दुसरा काढला. तिसरा काढला. चौथा नव्हताच.